झारीचं भूत

चंदनसारच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी अकरा वाजता मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या चारशे, माणसं सहाशे. वर एसी चालू, तरी लोक घामाघूम, कारण मंचावर भूत निघणार होतं.

"पूर्वी भूत कुठे राहायचं?" दृष्टीधर महाराजांनी माईकवर विचारलं.

"पिंपळावर!" हॉल ओरडला.

"आणि पिंपळ तोडून तुम्ही काय बांधलंत?"

"टॉवर!"

"मग भूत बिचारं जाणार कुठे? ते वाय-फायवर गेलं! तुमचं पोर मोबाईलवर भुताचा सिनेमा लावतं. पडदा म्हणजे काय रे बाबांनो? उघडी खिडकी! तुम्ही त्याला बघता, तसं तेही तुम्हाला बघतं!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मोबाईल खिशातून काढून मांडीवर चक्क पालथा घातला.

महाराज चाळिशीचे. इस्त्रीचा पांढरा रेशमी झब्बा, डोळ्यांवर काळा चष्मा. "बारा वर्षं झाली," ते म्हणाले, "मी एकही पडदा पाहिलेला नाही. टीव्ही नाही, मोबाईल नाही. मी कुणाला काही विचारतही नाही. तरी तुमच्या पोरानं काय पाहिलं ते मला दिसतं. आणा त्या मुलीला."

मुलगी आली. एकोणीस वर्षांची, नायगावची अश्लेषा. मागोमाग तिची आई आशालता, हातात औषधांची पिशवी. अश्लेषाला एका मोठ्या, बंद टीव्हीपुढे स्टुलावर बसवलं. टीव्हीवर कोरी पांढरी चादर टाकलेली होती. महाराजांनी तांब्यातलं 'बारा विहिरींचं पाणी' आंब्याच्या डहाळीने चादरीवर शिंपडलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या शिंपणाला चादरीवर एक हात उमटला.

लालगुलाबी, माणसाच्या हाताच्या दुप्पट, आणि बोटं चारच!

हॉलमधून जी किंकाळी उठली, तशी मी चाळीस वर्षांत थिएटरात ऐकलेली नाही. अश्लेषाने वळून पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. तीन आठवड्यांपूर्वी तिने एक जुना, कुणाला माहीत नसलेला भयपट पाहिला होता, आणि त्यातल्या भुताला चारच बोटं होती. तो तिने माझ्याच घरी पाहिला होता. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर सर्रकन काटा आला.

मग महाराजांनी चादरीवर लिंबू पिळलं आणि हात विरत विरत नाहीसा झाला.

"निघाली! पण अर्धीच!" महाराज गरजले. "उरलेली हिच्या डोक्यात बसलीय. तिला आत कुणी कोंडलंय? या इंग्रजी गोळ्यांनी! गोळी म्हणजे कुलूप. कुलूप काढा, बाधा आपोआप बाहेर पडेल!"

आशालताने पिशवीतून फिटच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या काढल्या आणि मंचावरच्या पितळी घागरीत टाकल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागच्या रांगेत रागाने धुमसत होते.

आता मी कोण ते सांगते. मी पॉलिन. वसईच्या एका शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळेत नोकरी केली. बाई म्हणून नव्हे हं, लॅब अटेंडंट. बाटल्या धुतल्या, द्रावणं बनवली, पोरांनी सांडलेलं ॲसिड पुसलं. निवृत्त झाल्यावर आमच्या गावच्या बायका माळ जपतात, नातवंडं सांभाळतात. मला मूलबाळ नाही. मी भयपट बघते.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा, जेवण आणि वामकुक्षी आटपली की दुपारी तीन वाजता आमच्या पडवीत 'किंकाळी मंडळ' भरतं. आठ-नऊ टाळकी, एक प्रोजेक्टर, खिडक्यांना गोधड्या लावून केलेला काळोख आणि वॉल्टरच्या वाडीतली केळी. वॉल्टर म्हणजे माझा नवरा. तो सिनेमा बघत नाही. तो वाडीला पाणी घालतो आणि आतून किंकाळी ऐकू आली की बाहेरूनच विचारतो, "कोण मेली?"

मंडळात भांडणं फार. एकाचं म्हणणं, हल्लीच्या भयपटांत भूत कमी आणि रडारड जास्त. दोन तास बाई मेलेल्या नवऱ्यासाठी झुरते, आणि भूत येतं शेवटच्या पाच मिनिटांत, तेही खिडकीबाहेर. दुसरी म्हणते तीच खरी भीती, धाडकन दार आपटून तर आमचं मांजरही घाबरवतं. रक्ताच्या रंगावरून तर हमरीतुमरी होते. आणि या सगळ्यांच्या वरताण म्हणजे सातिवलीच्या एका गोदामात काम करणारा विघ्नेश. तुम्ही कुठल्याही सिनेमाचं नाव घ्या, त्याने तो पाहिलेलाच असतो. वर त्याहून भारी असं काहीतरी पाहिलेलं असतं, जे तुम्ही ऐकलेलंही नसतं. "इंडोनेशियाचा आहे आंटी, जगात दोनच प्रिंट उरल्यात!" मेल्याला त्या दोनांतली एक कुठे सापडते, देव जाणे.

पण मंडळाचा नियम एकच, आणि तो माझा. सिनेमा संपला की चहाच्या आधी प्रत्येकाने सांगायचं, भीती कुठे वाटली आणि ती कशी बनवली. घाबरल्याची लाज नाही, पण 'कशी बनवली' सांगितल्याशिवाय चहा नाही. या कामात अश्लेषा सगळ्यांत हुशार. त्या चार बोटांच्या हाताचं गुपितही तिनेच फोडलं. "पाचवं बोट तळव्यात दुमडलंय आंटी, वरून मेण थापलंय. सावली बघा ना," असं म्हणून तिने कप उचलला आणि तशीच खाली कोसळली.

फिट. बाराव्या वर्षापासूनचा आजार. गोळ्या चालू होत्या आणि तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. पण परीक्षेच्या दिवसांत झोप येते म्हणून बाईसाहेबांनी चार दिवस गोळ्याच घेतल्या नव्हत्या. हे तिने मला त्याच संध्याकाळी दवाखान्यात सांगितलं, आणि डॉक्टरांनीही तेच कारण दिलं.

आशालताला ते पटेना. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. ही एकटी आणि एकुलती एक मुलगी. तिला असं कारण हवं होतं ज्यात पोरीची चूक नाही आणि आजारही कायमचा नाही. कुणीतरी तिला महाराजांचा पत्ता दिला, आणि महाराजांनी तिला हवं तेच कारण दिलं.

गोळ्या घागरीत गेल्यानंतर चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, अश्लेषा चहा गाळत होती. तेव्हा फिट आली. उकळता चहा मनगटापासून कोपरापर्यंत सांडला. मला कळलं तशी मी रिक्षा करून नायगावला धावले. आशालता दारातच आडवी उभी राहिली.

"पॉलिनताई, आत येऊ नका."

"अगं, गोळ्या सुरू कर! मी डॉक्टरांशी बोलले. ते म्हणतात एक दिवसही थांबू नका, पुढची फिट जिवावर बेतेल."

"महाराज म्हणालेत, बाधा बाहेर पडताना त्रास होतोच. तुमच्याच घरातून आलीय ती, तुमच्या त्या पडद्यातून."

"कसली बाधा? तो रंग आहे, रंग! तो कसा आला ते मी तुला दाखवते. शुद्ध बनवाबनवी आहे आशालता."

"तुम्हाला मूल नाही," ती म्हणाली. "तुम्हाला काय कळणार?"

लागलं मला ते. खूप लागलं. पण रागावणार कुणावर? तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि गोळ्या बंद झाल्यापासून रोज रात्री ती पोरीच्या उशाशी बसून होती.

तिच्या मागे अश्लेषा उभी होती, हाताला पांढरं बँडेज. "आंटी, रंगाचं राहू द्या," ती हळूच म्हणाली. "त्यांना चार बोटं कशी कळली? मी आईला सिनेमाबद्दल काही सांगितलंच नव्हतं. आपल्याशिवाय तो कुणी पाहिलेलाही नाही. एवढं सांगा, मी आत्ता गोळी घेते."

मंडळातली सगळ्यांत हुशार पोर घाबरली होती, तिने नियमाप्रमाणे 'कशी बनवली' विचारलं होतं, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आशालताने दार लावून घेतलं.

परत येताना रिक्षात मी ठरवलं. या माणसाला नुसतं उघडं पाडायचं नाही. त्याला त्याच मंचावर, त्याच माईकसमोर, त्याच सहाशे माणसांत फजीत करायचं. लोकांनी त्याला बघून पोट धरून हसलं पाहिजे. मला सूड हवा होता, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नव्हती. संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन कुमसारात, म्हणजे पापकबुलीत, फादरना तसं सांगूनही टाकलं. ते म्हणाले, "क्षमा कर, पॉलिन." म्हटलं, "करते फादर, पण रविवारनंतर."

घरी येऊन मी पडवीच्या पायरीवर बसले आणि विचार केला. चार बोटांचं कुठे कुठे बोललो आपण? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर! विघ्नेशने त्या हातावर तीन लांबलचक संदेश लिहिले होते, वर फोटोही डकवला होता. अश्लेषाला फिट आल्याचीही चौकशी तिथेच झाली होती. ग्रुपमध्ये माणसं अकरा. नऊ जण मंडळाचे. दहावा वॉल्टर, केळी किती आणू ते विचारायला ठेवलेला. आणि अकरावी कुणी हंसा. दोन महिन्यांपूर्वी कुणाच्या तरी लिंकवरून आली, फोटोच्या जागी कमळ. दोन महिन्यांत तिने एकाही सिनेमावर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. भयपट बघणारा माणूस मत दिल्याशिवाय राहूच शकत नाही. घरात प्रेत पडलं असलं तरी तो आधी 'शेवट फसला' असं लिहील, मग रडेल. आणि मला आठवलं, हॉलच्या दारात वहीत नावं लिहून घेणाऱ्या बाईला सेवेकरी हाक मारत होते, "हंसाताई, पुढचं नाव!"

मी वॉल्टरला सगळं सांगितलं. तो अळूला पाणी घालत होता. हातातली पत्र्याची झारी खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे तुमच्या झारीतच शुक्राचार्य बसलाय की."

मी त्या झारीकडे बघितलं. बघतच राहिले. मग आत जाऊन मोबाईल घेतला आणि ग्रुपवर लिहिलं:

"मित्रहो, काल एक रत्न सापडलं. एस्टोनियाचा, १९७४ चा, 'दलदलीची दाई'. भुताला डोकं नाही. धड पिंपासारखं गोल. एका खांद्यातून लांब मान तिरकी वर गेलेली, मानेच्या टोकाला सपाट गोल तोंड, तोंडभर भोकं आणि भोकांतून सतत पाणी. दुसऱ्या बाजूला एकच हात, कमरेवर ठेवल्यासारखा वाकलेला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कुणी पाहिलाय का?"

असा सिनेमा जगात नाही. मी तो पायरीवर बसून, समोरची झारी बघून बनवला होता.

दहा मिनिटांत विघ्नेशचं उत्तर आलं. "आंटी, फायनली! मी हा तीन वर्षांपूर्वी पाहिलाय. पहिला अर्धा एक नंबर, दुसरा ढिला. पण शेवटी ती विहिरीत परत जाते आणि विहीर आटते, तो शॉट! बाप रे!"

मी इतकी हसले की वॉल्टर धावत आला. तीन वर्षांपूर्वी! मी त्या सिनेमाला जन्म देऊन अजून चहासुद्धा झाला नव्हता. मागोमाग दुसऱ्या एकीने लिहिलं, "माझ्या यादीत कधीचा आहे." हंसाने, नेहमीप्रमाणे, अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी मी विघ्नेशला बोलावलं. टेबलावर मधोमध झारी ठेवली होती.

"ओळख करून देते," म्हटलं. "ही दलदलीची दाई."

त्याने झारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कान लालबुंद झाले. "आंटी, ते... म्हणजे दुसरा कुठला तरी असेल, सेम स्टोरी..."

"विघ्नेश."

"सॉरी आंटी." तो खुर्चीत मावेनासा झाला. "ग्रुपमध्ये सगळे मला विचारतात ना. 'नाही पाहिला' असं बोलायची सवयच गेली. प्लीज कुणाला सांगू नका."

"मी नाही सांगणार. तू सांगणार आहेस. रविवारी, सहाशे माणसांत, माईकवर."

तो उठून निघालाच होता. मी त्याला अश्लेषाने पाठवलेला तिच्या हाताचा फोटो दाखवला, बँडेज बांधण्याआधीचा. तो परत बसला. मग म्हणाला, "काय करायचं ते बोला."

त्याने हंसाला फोन केला: झोप लागत नाही, पडदा दिसला की कानात पाण्याचा आवाज येतो. तिने गोड आवाजात सांगितलं, "काय पाहिलं ते मुळीच सांगू नका हं दादा. महाराज स्वतः ओळखतील." मग विघ्नेशने तेच रडगाणं ग्रुपवरही लिहिलं, दाईच्या नावासकट. बस्स, गळ टाकून झाला.

दोन दिवस मी जीव मुठीत धरून काढले. अश्लेषाला रोज फोन करायची, ती एवढंच म्हणायची, "आज नाही आली, आंटी." डॉक्टरांकडून मी गोळ्यांची नवी चिठ्ठी लिहून घेतली, एक पट्टी विकत घेतली आणि पर्समध्ये ठेवली. महाराजांनी झारी काढली नाही तर काय, हा एकच विचार डोक्यात होता.

रविवारी तोच हॉल, तीच चादर, तीच घागर. पहिल्या रांगेत आशालता आणि अश्लेषा, दुसऱ्या बैठकीसाठी. आधी विघ्नेशला स्टुलावर बसवलं. मी मधल्या वाटेशी उभी, हातात केळ्यांची गोणपाटी पिशवी.

महाराजांनी पाणी शिंपडलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चादरीवर लालगुलाबी आकार उमटला. गोल धड, तिरकी लांब मान, टोकाला भोकाभोकांचं तोंड, दुसऱ्या बाजूला वाकडा हात. अगदी ठसठशीत! ज्याने कुणी ते चित्र काढलं होतं तो चित्रकार बरा होता, हे कबूल केलं पाहिजे.

हॉल किंचाळला.

"ही आपल्याकडची नव्हे!" महाराजांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. "ही थंड मुलखातली, दलदलीतली! दाई होती ही, दाई! आणि बेटा, शेवटी ती विहिरीत गेली आणि विहीर आटली. खरं की खोटं? सांग या सगळ्यांना!"

आणि त्यांनी माईक विघ्नेशच्या तोंडासमोर धरला.

विघ्नेशने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पळतो आता. मग तो म्हणाला, "खोटं."

"काय?"

"असा सिनेमाच नाही, महाराज. आमच्या आंटींनी बनवून लिहिलाय, आमच्या ग्रुपवर. आणि विहिरीचं तर त्यांनीही लिहिलं नव्हतं. ती थाप मी मारली. मी पाहिलाय असं दाखवायला." त्याने महाराजांच्या हातून माईक ओढून घेतला. "मी न पाहिलेल्या, नसलेल्या सिनेमाचं भूत तुम्हाला कसं दिसलं? तुमच्या हंसाताई आमच्या ग्रुपमध्ये आहेत. तिथे वाचून तुम्ही हे काढलंत. मी पण खोटं बोललो, तुम्ही पण. पण माझ्या खोट्याने कुणाच्या गोळ्या बंद नाही झाल्या!"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी मधल्या वाटेने मंचावर गेले. पिशवीतून वॉल्टरची झारी काढली आणि चादरीवरच्या भुताशेजारी उंच धरली.

दुसऱ्या रांगेतून एक बाई ओरडली, "अगं बाई, ही तर पाणी घालायची झारी!"

आणि हसू फुटलं. एकीकडून दुसरीकडे पसरत गेलं. सहाशे माणसं झारीकडे बघत, भुताकडे बघत, परत झारीकडे बघत हसत होती. मला काय वाटलं सांगू? स्वर्ग मिळाला! पुढचं आयुष्यभर मी ते हसू कानात जपणार आहे.

"हिला बाधा झालीय!" महाराज माझ्याकडे बोट दाखवून ओरडले. "धरा हिला!"

"झालीय ना," मी विघ्नेशच्या हातून माईक घेतला. "गुरुवारपासून झालीय, त्या पोरीचा हात भाजला तेव्हापासून. आता तुमची बाधा दाखवते. ऐका हो सगळे. आमच्या मंडळाचा नियम आहे, भीती वाटली तर ती कशी बनवली ते सांगायचं. मी मागच्या रविवारी हे रक्त बघितलं आणि घरी जाईपर्यंत मला कळलं होतं. खरं रक्त असं गुलाबी नसतं, आणि सिनेमातलं लिंबाने जात नाही. एकतीस वर्षं मी हा रंग परीक्षानळीत बघितलाय. फिनॉल्फ्थॅलीन म्हणतात त्याला. स्पिरिटमध्ये विरघळवायचं, ब्रशने चादरीवर चित्र काढायचं, वाळू द्यायचं. वाळलं की काही दिसत नाही. वरून चुन्याची निवळी शिंपडली की लालगुलाबी होतं, लिंबू पिळलं की परत पांढरं. हे तुमचं बारा विहिरींचं पाणी म्हणजे पानवाल्याच्या चुन्याची डबी आहे!"

"पुरावा काय?" एक सेवेकरी ओरडला.

"चित्र ज्याने काढलं त्याच्या बाहीला ते लागलेलं असणार. नुसत्या पाण्याने ते धड निघत नाही."

मी महाराजांचाच तांब्या उचलला आणि त्यांच्याच पाण्याचा हबका त्यांच्या उजव्या हातावर आणि छातीवर मारला. पांढऱ्या रेशमी झब्ब्याची कड मनगटाभोवती लालगुलाबी झाली. बोटांचे ठसे छातीवर उठले, जिथे त्यांनी हात पुसला असणार. हॉल पुन्हा किंचाळला, पण ती किंकाळी निराळी होती.

तेवढ्यात अश्लेषा उठली. आईचा हात सोडवून मंचावर आली, ताटातलं अर्धं लिंबू उचललं आणि बँडेजच्या हातानेच महाराजांच्या बाहीवर पिळलं. रंग विरत गेला.

"निघाली," ती म्हणाली. "पण अर्धीच."

मग ती आईकडे वळली. "आई, मला भीती वाटली होती. चार बोटं बघून वाटली होती. आता कळलं कशी बनवली. माझी फिटही कशी येते ते डॉक्टरांनी सांगितलंय. डोक्यातली वीज भलत्या वाटेने जाते. त्यात कुणी शिरलेलं नाही. मी चार दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या, आई. चूक माझी होती."

आशालता जागची उठली. मला वाटलं पोरीला जवळ घेईल. ती सरळ घागरीपाशी गेली आणि ती पितळी घागर तिने दोन्ही हातांनी मंचावर पालथी केली.

हसणं थांबलं. घागरीतून पट्ट्या पडत राहिल्या. बीपीच्या, साखरेच्या, थायरॉईडच्या, हृदयाच्या. इन्सुलिनची पेनं. कुणा लहान मुलाचा दम्याचा पंप, त्यावर कार्टूनचं स्टिकर. केवढा ढीग! एकेक जण पुढे येऊन खाली वाकून आपलं आपलं शोधू लागला. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

हंसा मागच्या दाराने निघाली होती, तिला बायकांनी अडवलं. चार-पाच तरुण बाह्या सरसावून महाराजांच्या अंगावर धावले. मी आडवी गेले. मार खाल्ला असता तर तो उद्या हुतात्मा झाला असता, आणि मला त्याचं तेवढंही भलं करायचं नव्हतं. "बसवा त्याला," म्हटलं. "त्याच स्टुलावर, चादरीकडे तोंड करून." पोलीस येईपर्यंत पाऊण तास दृष्टीधर महाराज वॉल्टरच्या झारीसमोर बसून होते, आणि जो तो मोबाईलवर त्यांचा फोटो काढत होता. बारा वर्षं पडदा न पाहिलेला माणूस त्या दिवशी सहाशे पडद्यांवर गेला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहून दिली. पहिली सही आशालताची, दुसरी माझी.

अश्लेषाने पहिल्या रांगेत बसून गोळी घेतली. पाण्याची बाटली आशालताने धरली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पॉलिनताई, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"बोललीस खरी," म्हटलं. "पुढच्या रविवारी तीनला ये. भजी तू आण."

ती येते. पदर दातांत धरून सिनेमा बघते, सगळ्यांत मोठ्याने किंचाळते आणि चहाआधी पहिला प्रश्न तीच विचारते, "हे कसं केलं असेल हो?" विघ्नेशने परवा ग्रुपवर आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'हा मी पाहिलेला नाही.' त्याला नऊ अंगठे मिळाले.

फादर अजून विचारतात, क्षमा केलीस का? मी म्हणते, तो दम्याचा पंप ज्या पोराचा होता, त्याच्या आईने केली की मग बघू.

तुम्हालाही सांगते. घाबरायला लाजू नका, मीही घाबरते. पण घाबरलात की विचारा, हे कसं केलं? आमच्या पडवीतले भयपटवाले तासभर आनंदाने सांगत बसतील. आणि जो हे विचारल्यावर तुमच्यावरच डोळे वटारेल, त्याच्या घागरीत आपल्या लेकराच्या गोळ्या टाकू नका.